टिकाणा, कागद आणि सही : बाहेरून आलेल्यांसाठी आपली देवळं-दरबार काय करतात?

टपालवाला_काका (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पोस्टात ३४ वर्षं काढली, आता घरी आहे. घर इंदोऱ्यात, जरीपटका सायकलनं दहा मिनिटं. गेली दोन वर्षं रविवारी सकाळी मी जरीपटक्यातल्या एका टिकाण्यात जाऊन बसतो. टिकाणा म्हणजे सिंधी लोकांचा दरबार. एका बाजूला झुलेलाल, दुसऱ्या बाजूला गुरु ग्रंथ साहिब, मागे स्वयंपाकघर. मी सिंधी नाही आणि फारसा देवभोळाही नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं एकदा म्हटलं, "काका, तुम्ही पोस्टातले, आमच्या माणसांचे फॉर्म तेवढे भरून द्या नं." तेव्हापासून अडकलो.

फॉर्म नागरिकत्वाचे. सिंधमधून आलेली बरीच कुटुंबं नागपुरात आहेत. कोणी तीर्थयात्रेच्या व्हिसावर आलं, कोणी रायपूरच्या शदाणी दरबाराच्या जथ्याबरोबर आलं आणि परत गेलंच नाही. २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा (सीएए) सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचे नियम आले ११ मार्च २०२४ ला. त्यात जिल्हा समितीचा प्रमुख कोण, सांगा? पोस्टाचा अधीक्षक. आयुष्यभर मनीऑर्डरी न् आरडी केल्या, कोणाचं नागरिकत्व आमच्या खात्यातून जाईल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

आता मुद्दा. या अर्जासोबत एक दाखला लागतो. अर्जदार हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी किंवा ख्रिस्ती आहे असं 'स्थानिक पातळीवर प्रतिष्ठित समाजसंस्थेनं' लिहून द्यायचं. म्हणजे सरकारी कामात देवळाची सही. आमच्या टिकाण्यानं असे पुष्कळ दाखले दिले. पण मागच्या महिन्यात सिंधमधल्या थारपारकरकडचं एक मेघवाड, म्हणजे दलित, कुटुंब आलं. २०१३ ला आलेले, पासपोर्टची मुदत केव्हाच संपलेली, म्हातारी, मुलगा, सून, तीन लेकरं. टिकाणा सांभाळणारे सेवादार म्हणाले, "हे आमच्यातले नाहीत, आम्ही ओळखत नाही, सही कशी करू?" त्यांना जेवू घातलं, दोन ब्लँकेटं दिली, सही मात्र नाही.

मला सेवादारांचा राग आला नाही, पण रात्री झोपही आली नाही. तर विचारतो : आपापल्या धर्माच्या लोकांना, किंवा परक्यांनाही, तुमच्या भागातली देवस्थानं, मशिदी, विहार, चर्चं नेमकी काय मदत करतात? जेवणाच्या पुढची?

सावजी_स्पेशल

काका, आधी जेवणाचं ऐका, मग पुढचं. २०२० च्या मे महिन्यात मी वर्धा रोडवर टोलनाक्याजवळ पाणी वाटत होतो. हैदराबादकडून, मुंबईकडून माणसं चालत येऊन राहिली होती. नागपूर म्हणजे देशाचं चौफुलं, सगळे इथूनच जाणार. एकाच मांडवात गुरुद्वाऱ्याची खिचडी, जैन मंडळाचं ताक, मोमिनपुऱ्यातल्या पोट्ट्यांच्या केळी न् खजूर आणि आमच्या गणपती मंडळाच्या चपला. हो, चपला. भुकेपेक्षा पाय जास्त भाजले होते लोकांचे. वर्गणीचे शिल्लक पैसे होते, त्याच्या स्लीपर आणल्या. त्या वर्षी आरास झालीच नाही म्हणा.

करंजीफाटा

+१. पांढरकवड्याकडे येताना करंजीजवळ हायवेवर जो लंगर आहे, तो विसरू नका. बाबा करनैलसिंग खैरा, वय तेव्हा ८१. पत्र्याचा मांडव. टाळेबंदीत तिथं जेवलेल्यांची संख्या लाखांत गेली, पेपरांत फोटो आले. पण लंगर त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. तिथं जेवणाऱ्याला नाव विचारत नाहीत. मी ट्रकवर होतो तेव्हा किती वेळा जेवलो, हिशोब नाही. एकदा फक्त "भांडं घासून ठेव" म्हणाले.

प्रश्नचिन्ह

धागा चांगला आहे, पण गल्लत होतेय. मजूर हे आपल्याच देशाचे नागरिक. सिंधमधून आलेले परदेशी. दोघांना एकाच टोपलीत घालू नका. मजुराला खिचडी ही माणुसकी, परदेशी माणसाच्या कागदावर सही ही जबाबदारी. उद्या काही निघालं तर सही करणारा आत जाईल.

टपालवाला_काका

@प्रश्नचिन्ह, मान्य. पण कागदाची भीती दोघांची सारखीच असते, हे मी दोन्हीकडे पाहिलंय. कामठी रोडवरच्या ठिय्यावर बालाघाटचा गवंडी उभा असतो. त्याला बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नाव घालायचं तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो देणार कोण? ठेकेदार. ठेकेदार देत नाही. म्हणजे फिरून तेच, कोणीतरी ओळखीच्या माणसानं "हो, हा आमचा" म्हणायचं.

विहारातली_ताई

आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते, मी तिथं गणित घेते. तीन वर्षांपूर्वी बाजूच्या प्लॉटवर बिल्डिंग सुरू झाली. छत्तीसगडच्या मजुरांची पोरं गेटपाशी उभी राहून आत पाहायची. आत घेतली. दोन-चार म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, "आपली पोरं बसायला जागा नाही." पोरं बसली ती बसली.

खरं काम पुढे होतं. शाळेत नाव घालायला गेलो तर जन्मदाखला मागितला. शिक्षणहक्क कायद्यात स्पष्ट आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तो परिच्छेद झेरॉक्स करून विहाराच्या लेटरहेडसोबत नेला. मुख्याध्यापकांनी कायदा वाचला नाही, लेटरहेड वाचलं! चार पोरं दाखल. संस्थेच्या कागदात एवढं वजन असतं हे मला तेव्हा कळलं. आणि रेशनचं : त्यांचं कार्ड छत्तीसगडचं, तरी 'वन नेशन वन रेशन'मध्ये इथल्या दुकानात धान्य मिळतं. दुकानदार आधी नाही म्हणतो. सोबत कोणी उभं असलं की मशीन चालू होते.

मेघवाड कुटुंबाबद्दल वाचून मात्र जिवाला लागलं. काका, 'आमच्यातले नाहीत' याचा अर्थ नागपुरात राहून आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. जोगेंद्रनाथ मंडल आठवा. पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री, दलित समाजातले. १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात निघून आले. तिकडे हिंदू म्हणून मार, इकडे आल्यावर 'कोणते हिंदू' म्हणून चौकशी.

टपालवाला_काका

ताई, हेच मला लिहायचं होतं, धाडस झालं नाही.

पतंगबाज_मोमिनपुरा

सलाम काका. माझे पणजोबा यूपीतून आलेले विणकर, म्हणजे आम्ही पण मूळचे बाहेरचेच. आमच्याकडे जकात असते, शिल्लक संपत्तीचा अडीच टक्के. ती कोणाला द्यायची याचे आठ हकदार कुराणात सांगितले आहेत, त्यात एक आहे 'इब्न-अस-सबील', वाटसरू, मुलखाबाहेर अडकलेला माणूस. घरी तो श्रीमंत का असेना. आमच्या मशिदीच्या कमिटीनं रमजानमध्ये कितीतरी बिहारी पोरांना तिकिटं काढून दिली आहेत, ज्यांचा पगार मालकानं दाबून ठेवला होता.

आता कडू बोलतो, राग मानू नका. काकांच्या त्या दाखल्याच्या यादीत सहा धर्म आहेत, आमचा नाही. तिकडून मार खाऊन आलेला, मुसलमानांतल्याच छोट्या गटातला अहमदी किंवा हजारा माणूस उद्या नागपुरात उतरला, तर मी कोणत्या लेटरहेडवर सही करू?

प्रश्नचिन्ह

कायदा शेजारच्या तीन देशांतल्या अल्पसंख्याकांसाठी आहे. तिथं मुसलमान बहुसंख्य आहेत. यात अन्याय कसला?

पतंगबाज_मोमिनपुरा

अहमदींना पाकिस्तानच्या घटनेनंच १९७४ मध्ये बिगरमुस्लिम ठरवलंय, भाऊ. म्हणजे तिकडं मुसलमान नाही म्हणून मार, इकडं मुसलमान म्हणून यादीबाहेर. जाऊ द्या. धागा काकांचा आहे.

संपादक मंडळ

कायद्याच्या घटनात्मकतेवर वेगळा धागा आहे, तो चर्चेच्या पानावर मिळेल. इथे मदतीच्या अनुभवांवर लिहावे. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

शिकागोतली_धरमपेठ

उशिरा वाचला धागा. मूळची धरमपेठेची, १९ वर्षं इकडे. इकडची गंमत सांगते, गंमत कसली म्हणा.

अमेरिकेत चर्च, शाळा, दवाखाना अशा जागी इमिग्रेशनवाल्यांनी शक्यतो धाड घालायची नाही असा दंडक वर्षानुवर्षं होता. जानेवारी २०२५ मध्ये नव्या सरकारनं तो आल्या आल्या रद्द केला. त्याविरुद्ध पहिल्यांदा कोर्टात कोण गेलं? क्वेकर. हे ख्रिस्ती लोकांतलं एक छोटं पंथमंडळ, प्रार्थनेत तासभर गप्प बसणारे. त्यांच्या खटल्यात पुढे सॅक्रामेंटोचं शीख गुरुद्वारा सामील झालं. २४ फेब्रुवारीला मेरीलँडच्या न्यायाधीशांनी तात्पुरती मनाई दिली, पण ती फक्त खटला करणाऱ्या संस्थांच्या जागांपुरती. बाकीच्यांना काही नाही. खटला करणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं : लोक धाडीच्या भीतीनं प्रार्थनेला येत नाहीत, म्हणजे आमच्या धर्माचरणातच अडथळा येतो. स्थलांतरितांची बाजू मांडायला स्वतःच्या धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा वापरला. वकिली डोकं!

आणि नेदरलँड्सचं तर ऐकाच. तिथल्या कायद्यानं पूजाविधी चालू असताना पोलिस चर्चमध्ये शिरत नाहीत. हेग शहरातल्या बेथेल चर्चमध्ये एक आर्मेनियन कुटुंब आसऱ्याला होतं, देशाबाहेर काढायचा हुकूम निघालेला. तर चर्चनं २६ ऑक्टोबर २०१८ ला प्रार्थना सुरू केली ती थांबवलीच नाही. दिवसरात्र, ९६ दिवस. देशभरातून शेकडो पाद्री पाळीपाळीनं येऊन गेले. ३० जानेवारी २०१९ ला सरकार नमलं, अशा मुलांच्या कुटुंबांचे अर्ज पुन्हा तपासायचं कबूल केलं, तेव्हा प्रार्थना संपली.

सावजी_स्पेशल

अबे, हा तर अखंड हरिनाम सप्ताह! वीणा खाली ठेवायची नाही, पहारेकरी बदलत राहायचे. आमच्या गावी सात दिवसांतच रात्री तीनच्या पहाऱ्याला माणूस मिळत नाही. ९६ दिवस! दंडवत त्या पाद्र्यांना.

प्रश्नचिन्ह

आणि याला आपण कौतुक म्हणायचं? कोर्टानं बाहेर जा सांगितलेल्याला देवघरात लपवायचं. प्रत्येक देवळानं हेच केलं तर सरकार कशाला पाहिजे?

शिकागोतली_धरमपेठ

लपवलं नव्हतं हो. सगळ्या देशाला पत्ता माहीत होता, टीव्हीवाले दारात होते. उघड आसरा देऊन सरकारला लाजवायचं, हाच त्यातला डाव. १९८२ मध्ये ॲरिझोनात टूसॉनच्या साउथसाइड चर्चनं मध्य अमेरिकेतल्या निर्वासितांना आसरा दिला तोही जाहीर करूनच. पुढे त्या पाद्र्यावर खटला चालला, दोषी ठरला, शिक्षा प्रोबेशनवर निभावली. किंमत मोजूनच करतात.

बरं, आमच्या इकडच्या देवळांचं विचाराल तर गणपतीत ढोल-ताशा, दिवाळी पहाट, सगळं झोकात. दोन वर्षांपूर्वी एका तेलुगू पोराची नोकरी गेली. एच-वन म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्याला ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा. त्यानं देवळाच्या कमिटीला विचारलं, एखाद्या वकिलाचं मोफत शिबिर ठेवाल का? उत्तर आलं, "राजकीय विषय नको." शेवटी त्याला सल्ला मिळाला तो एका चर्चच्या तळघरात. अजून दर दत्तजयंतीला प्रसाद वाटायला जाते मी त्याच देवळात, पण तो प्रसंग घशात अडकून आहे.

गोंदियाकर

आमच्याकडचं कोणी लिहिलंच नाही. नवेगावबांधच्या अंगाला नॉरग्येलिंग म्हणून तिबेटी वसाहत आहे, १९७२ पासून. गोंपा (त्यांचा बौद्ध मठ), शाळा, म्हातारे माळ ओढत बसलेले, पोरं अस्सल झाडीबोलीत शिव्या देतात. हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकतात ते यांचेच भाऊबंद. पुष्कळांचा माल लुधियान्याहून उधारीवर येतो, हंगाम संपला की पैसे. व्यापारी त्यांना उधार देतात, कारण बुडवत नाहीत.

पण कागद त्यांचाही नाजूकच. नोंदणी प्रमाणपत्र घ्यायचं, ठरावीक मुदतीनं नवं करत राहायचं. १ जुलै १९८७ च्या आत इथं जन्मलेला तिबेटी जन्मानं भारतीय नागरिक, हे दिल्ली हायकोर्टानं सांगितलं तरी पासपोर्टसाठी हेलपाटे चुकले नाहीत. त्यांची वसाहत, त्यांचा गोंपा, त्यांचं स्वतःचं कार्यालय आहे, म्हणून निभावतं. एकटं कुटुंब असतं तर काकांच्या म्हातारीसारखंच झालं असतं.

कोर्टकचेरी

वकील आहे, फुकट सल्ला देतोय, ताजा घ्या.

काका, नियमाचे शब्द परत वाचा. 'स्थानिक पातळीवर प्रतिष्ठित समाजसंस्था' एवढंच आहे. ती अर्जदाराच्या जातीची असावी, भाषेची असावी, असं कुठेही नाही. टिकाण्यानं नाही म्हटलं तर दुसरं देऊळ. दुसरं, मुदत संपलेला पाकिस्तानी पासपोर्टही चालतो, राष्ट्रीयत्वाच्या पुराव्याच्या यादीत तो आहे आणि मुदतीची अट नाही. तिसरं, ३१ डिसेंबर २०१४ च्या आत आल्याचा पुरावा, त्याची वीस कागदांची यादी आहे, त्यातला एक पुरतो. व्हिसाचा शिक्का असेल तर प्रश्नच नाही. चौथं, घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा येते असं जाहीर करायचं असतं. सिंधी त्यात आहेच.

२०१४ नंतर आलेल्यांना मात्र ही वाट नाही. त्यांनी लाँग टर्म व्हिसा सांभाळायचा आणि जुन्या कलमाखाली अर्ज करायचा. २०१६ मध्ये काही मोजक्या जिल्हाधिकाऱ्यांना असे अर्ज निकाली काढायचे अधिकार मिळाले, त्यात नागपूर होतं, तेवढं आपलं नशीब.

@प्रश्नचिन्ह, सही करणारा आत जाईल ही भीती खोटं लिहिलं तर खरी आहे. म्हणून दाखल्यात तेवढंच लिहावं जेवढं स्वतः पाहिलं : अमुक वर्षांपासून येतात, हे सण पाळतात, ही पूजा करतात. 'माझ्या माहितीप्रमाणे' हे तीन शब्द कोणी गाळू नये.

विहारातली_ताई

'माझ्या माहितीप्रमाणे' हे दोनच शब्द आहेत, वकीलसाहेब. 😄

कोर्टकचेरी

फी तीन शब्दांची लावतो आम्ही.

पतंगबाज_मोमिनपुरा

काका, ती मेघवाड मंडळी पूजा कोणाची करतात? थारपारकरकडची असतील तर रामसा पीर असणार. टंडो अल्लाहयारला त्यांचं मोठं देऊळ आहे, जत्रा भरते, तिथं मुसलमानसुद्धा जातात. म्हणजे तुमचे राजस्थानातले रामदेवबाबा, रुणिचावाले, योगवाले नव्हे. नागपुरात मारवाडी लोकांत किती भक्त आहेत त्यांचे! तिकडं विचारा.

टपालवाला_काका

@पतंगबाज, तुझ्या तोंडात साखर पडो. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. विचारून सांगतो.

मधल्या काळात एक लिहून ठेवतो, सेवादारांना नुसतं दोषी ठरवणं बरं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंचे लाँग टर्म व्हिसा कायम राहतील असा खुलासा झाला, पण तो येईपर्यंत आमच्या टिकाण्यात माणसं पिशव्या भरून बसली होती. एका पोरीचं लग्न दहा दिवसांवर होतं. त्या दिवसांत हेच सेवादार रोज पोलिस आयुक्तालयात जात होते, प्रत्येक कुटुंबाची फाइल पाठीवर टाकून. त्यांच्या वाडवडिलांनी ४७ साली सगळं सोडून जरीपटक्यात पहिल्यापासून सुरुवात केली होती. ती भीती रक्तातच आहे. आपला माणूस वाचवताना परका माणूस जोडला तर आपलाही जाईल, असं वाटत असावं. मला ते पटत नाही, पण समजतं.

प्रश्नचिन्ह

काका, माझा विरोध आहेच. पण पासपोर्टच्या भाषांतराला माणूस लागत असेल तर सांगा. आजोबा कराचीत रेल्वेत होते, त्यांच्याकडून उर्दू लिपी शिकलो होतो. वाचता येते अजून.

सावजी_स्पेशल

घ्या! आणि हा माणूस दोन पानांपासून भांडून राहिला.

टपालवाला_काका (अकरा दिवसांनी)

अपडेट. रामदेवबाबांच्या एका छोट्या देवळात गेलो, म्हातारीला घेऊन. पुजारी बिकानेरकडचे. आधी त्यांनीही हात वर केले, "लिखा-पढी का मामला है." म्हातारी काही बोलली नाही. देवासमोर कापडाचे घोडे ठेवलेले असतात, त्यातला एक पडला होता, तो तिनं उचलून उभा केला, पदरानं पुसला न् पायाशी बसली. पुजारीबुवांनी तिच्याशी मारवाडीत काहीतरी विचारलं, ती तिच्या बोलीत उत्तर देत गेली. दोघांना एकमेकांचं पाऊण कळत होतं. अर्ध्या तासानं मला म्हणाले, "लिखो, मैं दस्तखत करता हूँ."

अडचण एकच, देवळाला शिक्का नाही. कधी लागलाच नव्हता. नागपुरातल्या महाल भागातल्या शिक्केवाल्याकडे करायला टाकला. पहिल्या खेपेला त्यानं 'रामदेवबाबा'चं 'रामदासबाबा' केलं. पुन्हा करायला दिलाय, शुक्रवारी मिळतो.

@प्रश्नचिन्ह, रविवारी साडेदहाला या, पासपोर्टची तीन पानं आहेत. झेरॉक्सवाला रविवारी बंद असतो, प्रती मी शनिवारीच काढून ठेवतो. @कोर्टकचेरी, मसुदा व्यनि (खासगी निरोप) केला आहे, दोन्ही शब्द घातलेत.